लग्नवहीतले माहेर

वसईच्या ख्रिस्ती घरांत पणजोबांचे नाव बहुधा ठाऊक असते. त्यांची वाडी कोणत्या आळीत होती हे जमिनीचे जुने उतारे सांगतात. परंतु पणजी कोणत्या घरची, कोणत्या गावची, असे विचारले की बोलणे थांबते. पुरुषाचे कूळ जमिनीला धरून टिकते. स्त्रीचे कूळ मात्र सासरच्या उंबरठ्याशी पुसले जाते. ते ज्या कागदावर शिल्लक राहण्याचा सर्वांत अधिक संभव, तो कागद म्हणजे तिच्या विवाहाची नोंद होय. अशी नोंद मिळविण्यास मोठा पैसा लागतो, असा समज आढळतो. तो कितपत खरा आहे, हे पाहू.

या वह्यांचा उगमच मुळी एका अन्यायाच्या निवारणात आहे. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात गुपचूप झालेले विवाह वैध धरले जात. पुरुष पहिल्या पत्नीला नाकारून उघडपणे दुसरी करी आणि पहिलीजवळ पुरावा नसे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी 'तामेत्सी' हा हुकूम काढला. विवाह धर्मगुरूसमोर व किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावा, तो आधी तीन सणवारी देवळात जाहीर करावा आणि वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व स्थळ यांची नोंद धर्मगुरूने वहीत करावी, असे त्यात ठरले. पुढे १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची गणती अशा पाच वह्या ठेवण्याची पद्धत घालून दिली. वसई पोर्तुगिजांच्या हाती १५३४ साली आली होती. त्यामुळे ही शिस्त आपल्याकडेही पोहोचली. १७३९ साली वसईचा पाडाव झाला, राज्य बदलले, अनेक देवळे ओस पडली. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाच्या वह्या सारख्याच मागे जातील, अशी अपेक्षा ठेवू नये.

जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत आहेत. परंतु त्यांचा साचा ठरलेला असतो. 'फिल्यु' म्हणजे मुलगा, 'फिल्या' म्हणजे मुलगी, 'व्हियुव्हा' म्हणजे विधवा. असे पंधरा-वीस शब्द कळले की नोंद बोलू लागते. आडनावावर विसंबून मात्र चालत नाही. एका गावात लोपीस आणि परेरा यांची अनेक घरे, त्यात संतांची तीच ती नावे. तेव्हा बापाचे नाव, आळी आणि साक्षीदार एकत्र जुळवावे लागतात. साक्षीदार अनेकदा आप्तच असतात.

नात्यातील विवाहासाठी मिळालेल्या सुटीचा उल्लेख तर फारच मोलाचा. १२१५ पासून १९१७ च्या धर्मकायद्यापर्यंत चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात विवाहाला सर्वसाधारणपणे मनाई होती. दोन्ही बाजूंनी सारखी चौथी पायरी लिहिली असेल, तर वधूवरांचे खापरपणजोबा किंवा खापरपणजी एकच, असा अर्थ होतो. त्या पिढीच्या वह्या वाळवीने खाल्ल्या असल्या तरी ती एक ओळ दोन घराण्यांना जोडून देते.

शोध कोठून आरंभावा? विवाहाच्या वहीपासून नव्हे, बाप्तिस्म्याच्या वहीपासून. 'ने तेमेरे' हा १९०७ चा हुकूम १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला. त्यानुसार विवाहाची टीप पतिपत्नींच्या बाप्तिस्मा-नोंदींतही करावी लागते. समासातील ती टीप विवाहाचा माग देते. त्याआधीचा काळ असेल, तर थोरल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यापासून वर्षा-वर्षाने मागे जावे. वराच्या धर्मग्रामात नोंद न सापडल्यास वधूच्या धर्मग्रामात पाहावे. १९१७ च्या कायद्यानुसार विवाह सामान्यतः वधूच्या धर्मगुरूसमोर होत असे. या क्रमाने गेल्यास खर्च होतो तो प्रवासाचा आणि दाखल्याच्या अल्प देणगीचा.

सरकारदप्तरी दुसरा मार्ग आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने कॅथलिक विवाहांची तिमाही विवरणे महानिबंधकाकडे पाठविण्याची तरतूद केली. ठरलेली फी भरून नोंदी तपासण्याची व प्रत घेण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या विवाहनोंदींच्या प्रती आहेत. परंतु त्या प्रामुख्याने युरोपियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या. सांडोर वा निर्मळच्या शेतकऱ्याने तेथे पैसे भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. युटाच्या मॉर्मन पंथीयांचे 'फॅमिलीसर्च' हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि त्यावर भारतातील विवाहांची सूचीही आहे. मात्र धर्मग्रामांच्या वह्या चित्रणासाठी त्यांना देऊ नयेत, असे व्हॅटिकनने २००८ साली कळविले. मृतांच्या नावे बाप्तिस्मा देण्याची त्या पंथाची प्रथा हे त्यामागील कारण होते. म्हणजे आपल्या घरची नोंद परदेशी पैसे मोजून मिळेल, याची शाश्वती नाही. ती असलीच तर आपल्याच देवळाच्या कपाटात असण्याचा संभव अधिक.

आणि येथेच आमची जबाबदारी येते. १९८३ चा धर्मकायदा जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करण्यास सांगतो. वह्या परक्यांच्या हाती जाऊ नयेत, असेही तो बजावतो. दोन्ही आज्ञा योग्यच आहेत. परंतु कुलूप म्हणजे जतन नव्हे. जुनी शाई कागद पोखरते, पावसाळी दमट हवा पाने चिकटविते आणि कसर आपले काम करीतच राहते. धर्मगुरूच्या देखरेखीखाली गावातील दोन-चार शिकलेल्या मुलामुलींनी जुन्या लग्नवह्यांची वर्ष, नाव, बापाचे नाव व गाव एवढीच सूची केली, तरी प्रत्येक शोधकासाठी मूळ पाने उलटावी लागणार नाहीत आणि गरिबाला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही. हयात व्यक्तींच्या नोंदी अर्थात या सूचीबाहेर ठेवाव्यात.

वाचकांनीही एक करावे. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल, तर तिच्या आईचे माहेर कोणते, हे या आठवड्यातच विचारून लिहून ठेवावे. गावाचे नाव हाती असेल तर नोंद शोधता येते. ते नाव गेले, तर वही शाबूत असूनही आपल्यासाठी मुकीच राहते.