शिकागोच्या पायऱ्या आणि तेथील हिवाळा

काँक्रीट हा एकदा ओतून मोकळे व्हावे आणि मग पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत राहावे असा पदार्थ आहे, अशी जी समजूत गेल्या शतकाच्या आरंभी सिमेंटच्या कारखानदारांनी मोठ्या आत्मविश्वासाने प्रसृत केली आणि जिला घर बांधणाऱ्या सामान्य गृहस्थाने तितक्याच भाबडेपणाने मान डोलावली, तिचा फोलपणा ज्या शहरांत पुरतेपणी उघडकीस आला, त्यांत मिशिगन सरोवराच्या काठचे शिकागो अग्रभागी आहे. आपल्याकडे मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत स्लॅबच्या आतील सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात, हा रोग आपल्या परिचयाचा आहे. शिकागोच्या जुन्या घरांच्या पायऱ्यांत मात्र सळई असो वा नसो, नासधूस करावयास नुसते पाणी पुरते. काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांत शिरलेले पाणी गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, दुपारच्या उन्हात वितळते, रात्री पुन्हा गोठते. आणि ही आवर्तने हिवाळ्यामागून हिवाळे चालू राहिली, की जो पृष्ठभाग गवंड्याने रंधा फिरवून आरशासारखा केला होता, त्याच्या पापुद्र्यापापुद्र्याने खपल्या निघू लागतात.

अशा नासधुशीच्या दुरुस्तीला लागणारी, जे उभे आहे ते न पाडता त्याच्या खालचे बदलावयाची विद्या या नगरीने काँक्रीटचा प्रवेश होण्यापूर्वीच हस्तगत केली होती. शहराची भूमी सरोवराच्या पातळीहून जेमतेम उंच आणि दलदलीची; गटारांना उतार म्हणून मिळेना. १८५५ मध्ये एलिस चेस्ब्रो या अभियंत्याने सुचविलेला उपाय असा, की गटारे जमिनीवरच घालावीत, त्यांच्यावर भराव टाकून रस्ते उंच करावेत, आणि मग इमारतींनीही त्या नव्या पातळीस यावे. यातील शेवटचे कलम वाचून कोणत्याही नगरपालिकेच्या दप्तरात दरखास्त फेटाळली गेली असती. शिकागोत ती अमलात आली. १८५८ च्या जानेवारीत रँडॉल्फ आणि डिअरबॉर्न या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची चार मजली, सुमारे ७५० टन वजनाची विटांची इमारत २०० मळसूत्री जॅकांवर तोलून ६ फूट २ इंच वर उचलण्यात आली. दोन वर्षांनी लेक स्ट्रीटवरील दुकानांची एक संपूर्ण रांग सहाशे माणसांनी सुमारे सहा हजार जॅक एकाच वेळी थोडे थोडे फिरवून वर चढविली. त्या मक्त्यातील एक भागीदार जॉर्ज पुलमन, जो पुढे रेल्वेच्या शयनडब्यांमुळे जगप्रसिद्ध झाला. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाउस हे भव्य हॉटेल आतील पाहुण्यांना जागचे न हलविता उचलले गेले.

सर्वांनाच हा खर्च झेपला नाही. पिल्सन या कष्टकऱ्यांच्या मोहल्ल्यात आजही अशी घरे दिसतात, की ज्यांचे अंगण रस्त्याहून खाली राहिले आहे, पदपथावरून चार पायऱ्या उतरावे तेव्हा तळमजल्याचे दार लागते, आणि तो पदपथही भरावावर नसून खाली पोकळी राखून तिच्यावर छतासारखा घातलेला आहे. या पोकळ पदपथांची डागडुजी ही शिकागोतील गवंडीकामाची एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली. जुन्या घराचा पाया बदलण्याची रीतही मूळची तीच राहिली आहे: तुळया घालावयाच्या, घर जॅकांवर तोलावयाचे, खालची खचलेली भिंत काढून नवी ओतावयाची, आणि तोवर वरच्या मजल्यावरील खिडकीच्या काचेला तडा जाऊ द्यावयाचा नाही.

ही नवी भिंत ज्याने ओतावयाची, त्या आधुनिक सिमेंटचा उदय झाला तो इंग्लंडात. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटची सनद मिळविली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील डेव्हिड सेलरने १८७१ मध्ये. ओहायो राज्यातील बेलफाँटेन या लहानशा गावी जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये न्यायालयापुढील रस्त्याचा आठ फूट रुंदीचा पट्टा काँक्रीटचा करून दाखविला, तेव्हा गावच्या कारभाऱ्यांनी त्याच्याकडून पाच हजार डॉलरांचा जामीन आणि पाच वर्षांची हमी लिहून घेतली. पुढे १८९३ मध्ये न्यायालयाभोवतीचे रस्तेही त्याने केले आणि त्यांपैकी कोर्ट ॲव्हेन्यूचा भाग अद्याप वापरात आहे. हे उदाहरण सिमेंटचे अभिमानी वारंवार पुढे करतात. पण ज्या हजारो पदपथांना कोणी जामीन राहिले नाही, त्यांची गोष्ट निराळी आहे.

ते पदपथ बहुधा दुपदरी असत. तळाशी कोळशाच्या राखेचा थर, त्यावर खडीचे हलके काँक्रीट, आणि सर्वांत वर इंचभर जाडीचा, सिमेंट अधिक असलेला गुळगुळीत थर. त्या ओल्या थरात मक्तेदार आपल्या नावाचा व सालाचा ठसा उमटवी, आणि जुन्या गल्ल्यांतून हिंडताना हे ठसे एखाद्या शिलालेखाप्रमाणे वाचता येतात. खालचा थर आवळण्यापूर्वी वरचा पडला, तर दोन्ही एकजीव होत. मध्यंतरी मजुरांची जेवणाची सुटी झाली, तर ते कायमचे परके राहत. त्या परकेपणाच्या फटीत पाणी जाऊन बसे. ज्यांच्यावर ठसा सुवाच्य राहिला आहे, त्या पदपथांच्या मक्तेदाराकडे निदान वेळेचे भान होते, असे समजावयास हरकत नाही.

१९१० ते १९४० या तीन दशकांत शिकागोच्या केंद्राभोवती चंद्रकोरीच्या आकारात विटांच्या ठेंगण्या, रुंद छपरांच्या बंगल्यांचा जो पट्टा वसला, त्यात सुमारे ८०,००० घरे असल्याचा अंदाज केला जातो. पोलंड, बोहेमिया, आयर्लंड, जर्मनी येथून आलेल्या कुटुंबांनी भाड्याच्या खोल्या सोडून प्रथमच स्वतःच्या नावावर दस्तऐवज करून घेतला, तो बहुतांशी या बंगल्यांचा. तळघराच्या भिंती काँक्रीटच्या आणि दर्शनी दाराकडे चढणाऱ्या सहा-सात पायऱ्याही काँक्रीटच्या, दोहो बाजूंस विटांचे वा काँक्रीटचे कठडे. भिंती पुष्कळ काळ टिकल्या. पायऱ्या टिकल्या नाहीत.

याचे एक कारण जमिनीत आहे. शिकागोत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया ४२ इंचांखाली न्यावा असा तेथील बांधकामाचा नियम आहे. घराचा पाया तळघरामुळे त्याहून खोल आपोआपच जाई, परंतु पायऱ्यांचे ओझे ते काय, असे म्हणून गवंडी तो ठोकळा पुष्कळदा उथळ मातीवरच बसवीत. मग दर हिवाळ्यात पायऱ्या किंचित वर उचलल्या जात, वसंतात पुन्हा खाली बसत, आणि घराला लागून असलेला सांधा दरसाल थोडा अधिक विलग होई. पाणी गोठताना फुगते म्हणून जमीन वर येते, असेच तोवर बहुधा मानले जात असे. साउथ कॅरोलायनातील भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन टेबर याने १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठविली. बेंझीन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती वर आलीच. म्हणजे फुगणे हे गौण. गोठणाऱ्या थराकडे खालून सतत द्रव ओढला जातो आणि त्याच्या भिंगाकार चकत्या वाढत जाऊन वरचे सारे उचलतात, हे त्याने सिद्ध केले. प्रयोगाचा असा निखळ नमुना स्थापत्याच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

दुरुस्तीच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण पुरुष मात्र ना गवंडी होता, ना अभियंता. कार्ल एकली हा मेलेल्या जनावरांच्या कातड्यांत पेंढा भरण्याऐवजी त्यांच्या स्नायूंची हुबेहूब प्रतिमा घडवून तीवर कातडे चढविणारा कलावंत. तो शिकागोच्या फील्ड म्यूझियममध्ये नोकरीस होता. हे संग्रहालय त्या वेळी १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या कलाभवनात होते, आणि तात्पुरत्या कामासाठी लावलेला त्याचा गिलावा सरोवरावरून येणाऱ्या हिवाळी वाऱ्यांनी सोलून निघत होता. १९०७ मध्ये एकलीने यावर एक यंत्र रचले: कोरडी वाळू व सिमेंट दाबलेल्या हवेने नळीतून ढकलावयाचे, नळीच्या तोंडाशी पाण्याची धार त्यांस मिळवावयाची, आणि ते मिश्रण भिंतीवर इतक्या वेगाने आपटावयाचे, की थापीने लिंपलेल्या गिलाव्यापेक्षा ते घट्ट चिकटावे. १९११ मध्ये त्याला या यंत्राची सनद मिळाली, पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनच्या कंपनीने त्याच्या कामास ‘गनाइट’ हे नाव दिले, आणि बोगदे, धरणे, बंधारे, फुटक्या भिंती असा त्याचा संचार जगभर झाला. एकली पुढे आफ्रिकेतील गोरिलांच्या रक्षणासाठी झटला आणि १९२६ मध्ये काँगोतच मरण पावला. ज्या भवनासाठी यंत्र जन्मले, त्याची दर्शनी बाजू अखेर चुनखडीच्या दगडात नव्याने बांधावी लागली. शिकागोलगतच्या ओक पार्कमध्ये फ्रँक लॉइड राइटने १९०५ नंतर ओतीव काँक्रीटमध्ये बांधलेले युनिटी टेंपल हे प्रार्थनामंदिरही १९७० च्या दशकात गनाइटचा नवा थर चढवून घेऊन तगले, आणि २०१७ मध्ये पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धारात पुन्हा फवारलेल्या काँक्रीटचाच आश्रय घ्यावा लागला.

पण हे सारे उपचार वरवरचे. खरा शोध लागला तो १९३० च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातील रस्त्यांवर, आणि तोही अपघाताने. एकाच हवेत, एकाच रहदारीखाली काही रस्ते झडत होते व काही शाबूत राहत होते. तपास केला तेव्हा शाबूत रस्त्यांच्या सिमेंटात, क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, दळणे सुलभ व्हावे म्हणून, प्राण्यांची चरबी पडलेली निघाली. तिच्यामुळे काँक्रीट कालवताना सूक्ष्म बुडबुड्यांचा फेस उठत असे आणि तो तसाच आत गोठून राही. पिढ्यान्‌पिढ्या गवंड्याला शिकविले गेले होते, की काँक्रीट ठोकून ठोकून त्यातील हवा काढावी. आता हिमाने शिकविले, की त्यात मुद्दाम हवा भरावी. शंभरातील पाच-सहा भाग हवा. या उपदेशाला गवंडी हसले असतील तर त्यांस दोष देता येणार नाही, कारण हवेच्या प्रत्येक टक्क्यामागे काँक्रीटची ताकद सुमारे ५ टक्क्यांनी उतरते, हेही खरेच होते.

हे असे का घडते, याचा उलगडा शिकागोतच झाला. पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या तेथील प्रयोगशाळेत टी. सी. पॉवर्स याने १९४५ मध्ये मांडले, की गोठणारे पाणी शेजारच्या न गोठलेल्या पाण्याला पुढे रेटते, आणि त्या रेट्याला जवळपास मोकळी जागा मिळाली नाही, तर भोवतालची भिंत फुटते. यास्तव बुडबुडे नुसते असून भागत नाही, सिमेंटच्या लगद्यातील कोणत्याही बिंदूपासून बुडबुडा सुमारे एक पंचमांश मिलिमीटरच्या आत हवा. १९५३ मध्ये हेल्मथ या सहकाऱ्यासह त्याने स्वतःचाच सिद्धान्त पालटला: पाणी बर्फापासून दूर पळत नाही, उलट बर्फाकडे ओढले जाते. बुडबुड्यांची आवश्यकता मात्र दोन्ही उपपत्तींत तशीच राहिली. आपल्या नावावर प्रसिद्ध झालेले मत आपणच खोडून काढण्याचा हा उमदेपणा आजच्या विद्वानांनी पाहून ठेवावा असा आहे.

आता बंगल्यांच्या त्या विस्तीर्ण पट्ट्याकडे पुन्हा दृष्टी टाकली, म्हणजे त्यांच्या दुर्दैवाचा काळ ध्यानात येतो. यांतील बहुतेक घरे बुडबुड्यांच्या शोधापूर्वीची आहेत, आणि जे काँक्रीट हवेवाचून आवळले, त्यात मागाहून हवा भरण्याची कोणतीही युक्ती आजतागायत निघालेली नाही. म्हणून जुन्या पायऱ्यांवर सिमेंटचा पातळ हात फिरविणे हा बहुधा पैशाचा अपव्यय ठरतो. जाणता कारागीर प्रथम हातोडीने सर्वत्र ठोकून पाहतो. बद्द आवाज येईल तेथपर्यंत खराबी पोचली असे समजतो. मग चट्टा करवतीने सरळ उभ्या कडांनी कापतो, कारण कडा निमुळत्या ठेवल्या तर नव्या मालाची ती कागदासारखी किनार पहिल्या वर्षीच सुटते. छिन्नीने दाणेदार, निकोप खडीपर्यंत उतरतो, धूळ काढतो, रात्रभर ओले ठेवून सकाळी वरचे पाणी टिपून घेतो, सिमेंटचा लगदा ब्रशाने घासून लावतो आणि तो सुकण्यापूर्वी माल भरतो. शेवटच्या फिरवणीला रंधा सहज चालावा म्हणून वर पाणी शिंपडण्याचा मोह जो आवरतो, त्याची मजुरी कितीही असो, ती स्वस्तच. पुष्कळदा मात्र हातोडीचा आवाज वरपासून खालपर्यंत बद्दच येतो. मग ठोकळा फोडून काढणे, पाया ४२ इंचांखाली नेणे आणि हवायुक्त काँक्रीटच्या नव्या पायऱ्या ओतणे एवढेच हाती उरते, आणि तेही थंडी सुरू होण्याआधी उरकावे लागते. उशीर झालाच, तर ताज्या कामावर गवताच्या पेंढ्या व ताडपत्री पसरण्याची जुनी चाल अजून आहे. पूर्वी माल लवकर आवळावा म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालीत, पण त्याने आतील सळई गंजते असे पुढे आढळून आले.

नव्या पायऱ्यांनाही एक वैरी उरतोच, तो माणसाने आणलेला. रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकण्याचे सर्वसाधारण धोरण अमेरिकेत प्रथम न्यू हॅम्पशर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात स्वीकारले, आणि त्या मोसमात देशभर सुमारे पाच हजार टन मीठ पडले. आज त्याचे मोजमाप लाखो टनांत होते. मिठामुळे पृष्ठभाग अधिक काळ ओला राहतो, आणि जेथे बर्फ पडून राहिला असता तेथे तो वितळून पुन्हा गोठतो. म्हणून नव्या पायऱ्या ताब्यात देताना मक्तेदार घरमालकाला निक्षून बजावतो, की पहिल्या हिवाळ्यात येथे मीठ टाकू नये, वाळू टाकावी. मालकही ते कबूल करतो, आणि पहिल्या हिमवर्षावाच्या सकाळी टपालवाला पायरीवर घसरून दावा लावील या धास्तीने मिठाची पिशवी घेऊन दार उघडतो.