लिस्बन : उभे दगड आणि कोसळलेले दगड

लिस्बन हे नाव वसई-गोव्याच्या वाचकाला परके नाही. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके वसईवर आणि १९६१ पर्यंत गोव्यावर ज्यांची सत्ता होती, त्या पोर्तुगिजांची ही राजधानी. त्यामुळे या शहरात प्रथम पाऊल ठेवणारा आपला माणूस केवळ प्रवासी नसतो. आपल्याच इतिहासाचा पैलतीर पाहण्यास तो आलेला असतो. हाताशी दोन-तीन दिवस असता त्याने काय पाहावे? वाटाडे आवर्जून दाखवतात ते पाहावेच. परंतु जेथून पुष्कळसे प्रवासी घाईने पुढे जातात, तेथेही थांबावे. लिस्बनचे वैभव नदीकाठी उभे आहे, तर त्याचे शल्य शहराच्या मध्यभागी आहे.

आरंभ बेलेमपासून करावा. तेजो नदी समुद्राकडे वळते त्या बाजूचा हा भाग. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबते येथून निघाली. आदल्या रात्री त्याने येथील लहानशा प्रार्थनामंदिरात प्रार्थना केली, असे सांगतात. त्याच जागी राजा पहिला मानुएल याने १५०१ च्या सुमारास संत जेरोम यांच्या नावाने चालणाऱ्या संन्यासी संघासाठी विशाल मठ बांधण्यास घेतला. हाच जेरोनिमोस मठ. त्याच्या खर्चाचा मोठा भार आफ्रिका व पूर्वेकडून येणाऱ्या मालावरील पाच टक्के कराने उचलला. मलबारच्या वेलींवरील मिरी येथे कमानी होऊन उभी आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. १५२४ साली कोचीन येथे मरण पावलेल्या गामाची समाधीही आज येथेच आहे.

जवळच नदीत पाय रोवून बेलेमचा बुरूज उभा आहे. त्याच्या एका पहारेचौकीखाली गेंड्याचे झिजलेले शिल्प दिसते. या गेंड्याची कथा आपल्याला थेट घरापर्यंत आणून सोडते. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो आफोन्सो द आल्बुकेर्कला भेट दिला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने प्रत्यक्ष न पाहताच त्याचे जगप्रसिद्ध चित्र काढले. पुढे पोप दहावे लिओ यांच्याकडे नेला जात असता जहाज फुटून तो बुडाला. याच मुजफ्फरशहाचा पुत्र बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पित्याने गेंडा दिला, पुत्राने वसई!

येथेच जो थांबेल त्याला अर्धे लिस्बनच दिसेल. उरलेले पाहण्यासाठी रोसियो चौकालगतच्या सांव दोमिंगोस चर्चमध्ये जावे. गामाची गलबते निघाली त्याच १४९७ साली राजा मानुएलने आपल्या राज्यातील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावयास लावला होता. हे लोक ‘नवे ख्रिस्ती’ म्हणून ओळखले जात. एप्रिल १५०६ मध्ये शहरात प्लेगची साथ असताना या चर्चमध्ये भाविक जमले होते. क्रुसावर प्रकाश दिसला आणि लोकांनी तो चमत्कार मानला. एका नव्या ख्रिस्ती माणसाने तो मेणबत्तीचा उजेड असावा, असे म्हणताच जमावाने त्याला ठार केले. दोघा संन्याशांनी जमावाला चिथावले. तीन दिवस कत्तल चालली आणि सुमारे २,००० माणसे मारली गेली. राजाने पुढे त्या संन्याशांसह अनेकांना देहदंड दिला. पण सक्तीचा जो पाया त्यानेच घातला होता, त्याचे काय? १५३६ मध्ये पोर्तुगालात आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली, ती याच वाटेने.

१९५९ च्या आगीत हे चर्च आतून होरपळले. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले, तेव्हा भाजलेले, तडकलेले खांब तसेच ठेवण्यात आले. बाहेरच्या चौकात २००८ साली त्या बळींचे स्मारक उभारण्यात आले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या लेकरांच्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली होती. त्या क्षमायाचनेचा अर्थ या काळवंडलेल्या खांबांपाशी जितका उमगतो, तितका ग्रंथ वाचून उमगत नाही.

तेथून चढण चढून कार्मो मठाकडे जावे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी मिस्सेसाठी चर्चे भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या तेवत असलेल्या. अशा वेळी भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे दगावली. नदीकाठचा राजवाडा आणि भारताशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी ‘काझा दा इंडिया’ दप्तरांसह नष्ट झाली. कार्मोच्या चर्चचे छत कोसळले, ते पुन्हा घातलेच गेले नाही. आज तेथे उघड्या आभाळाखाली रिकाम्या कमानी उभ्या आहेत. मिरीच्या पैशाने उभारलेला जेरोनिमोस टिकला आणि प्रार्थनेने भरलेली चर्चे कोसळली. ईश्वराचा न्याय दगडांवरून वाचू पाहणाऱ्यांना त्या दिवसाने निरुत्तर केले.

कॅथीड्रलजवळ संत अंतोनी यांचे चर्च आहे. आपण त्यांना पादुवाचे म्हणून ओळखतो. परंतु त्यांचा जन्म लिस्बनचा. भूकंपात हे चर्चही पडले. जन्मस्थान मानले जाणारे तळघर मात्र वाचले.

शेवटी इतिहासाची ओढ असणाऱ्याने तोरे दो तोंबो हे राष्ट्रीय दप्तरखाना पाहिल्यावाचून परतू नये. किल्ल्यातील ज्या बुरुजात हे दप्तर होते, तो बुरूज १७५५ मध्ये कोसळला; पण वृद्ध दप्तरदार मानुएल दा माया याने ढिगाऱ्यातून कागद उपसून सुरक्षित ठेवले. गोवा आणि लिस्बन यांच्यातील पत्रव्यवहाराचे खंडही या दप्तरखान्यात आहेत. सत्ता संपली, मिरी संपली, गेंडा बुडाला, कागद राहिले. ते परक्यांच्या लिपीत असले, तरी त्यांत आपल्या पूर्वजांची गावे आहेत. ती वाचणारे आपल्यातून किती निपजणार, हा प्रश्न घेऊन जो परतेल, त्याने लिस्बन खऱ्या अर्थाने पाहिले.