रापणीचा पूर्वेतिहास व आपले कर्तव्य

गाबीत ज्ञातीचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी प्रथम सिंधुदुर्गाच्या तटाकडे व शिवछत्रपतींच्या आरमाराकडे वळते. त्या अभिमानात वावगे काही नाही. परंतु ज्या उद्योगाने पिढ्यान्‌पिढ्या आपली चूल पेटती ठेवली, त्या रापणीची हकीकत आपण क्वचितच लिहून ठेवतो. ही उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

किनाऱ्यावरून मासळी धरण्याची आपली साधने मुख्यतः तीन : गरी, पाग व रापण. खडकाळ जागी, जेथे जाळे फाटण्याचे भय, तेथे गरी. उथळ पाण्यात एकट्याने फेकावयाचा तो पाग. आणि तळ वाळूचा असून बांगड्याचा वा तारलीचा थवा जवळ आला असेल, तेथे रापण. जागा, पाणी व मासळी पाहून साधन निवडण्याचे हे शहाणपण पूर्वजांनी शाळेवाचून मिळविले होते.

पावसाळ्यात खोलातले सकस पाणी वर येते, त्यात सूक्ष्म जीव वाढतात व त्यांवर पोसणारा बांगडा पाऊस सरताच किनाऱ्याशी येतो. पाण्याचा पालटलेला रंग व घिरट्या घालणारे पक्षी पाहून जाणता तांडेल इशारा देई. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघे, अर्धवर्तुळात जाळे सोडी व दुसरे टोक घेऊन परते. मग दोन्ही अंगांनी माणसे दोर ओढीत. वरच्या काठाला तरंगणारी भेंडे व खालच्या काठाला वजने, यांमुळे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राही.

जाळे सुताचे वा सणाचे असे. ते कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात भिजवीत. घरोघरच्या जाळ्यांचे तुकडे जोडून रापण सिद्ध होई, व मासळीचे वाटेही त्या मानाने पडत. दोराला हात लावणारा रिकाम्या हाताने परतत नसे. रापण हे जाळे खरे, परंतु ती आपली पहिली सहकारी संस्थाही होती.

1960 नंतर नायलॉनचे हलके, न कुजणारे जाळे आले. पाठोपाठ यांत्रिक ट्रॉलर व पुढे पर्ससीन आले. थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच धरला जाऊ लागला. 1970 नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी याविरुद्ध मोठा लढा दिला. गोव्यात 1980 साली व महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले आणि किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याचा मार्ग खुला झाला. कायदा कागदावर उतरला तरी पाण्यात उतरावयास वेळ लागतो, हा अनुभव आपणास नवा नाही.

तथापि सारा दोष परक्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. नायलॉनबरोबर बारीक आसाचा मोह आपल्यातही शिरला. लहान आसाच्या जाळ्यात आज पिल्ले येतात, आणि ती उद्याची मासळी असते. आस निवडताना आपण पुढच्या पिढीचा वाटा ठरवीत असतो, हे विसरता कामा नये.

म्हणून ज्ञातिबांधवांस दोन विनंत्या. घरातील वृद्धांकडून रापणीचे शब्द व रीती आजच लिहून घ्याव्यात. आणि मुंबई-पुण्याच्या मुलांनी दिवाळीच्या सुटीत गावी आल्यावर एकदा तरी दोराला हात लावावा. हात कमी पडल्याने एखादी रापण थांबली, तर तो दोष मात्र कोणत्याही ट्रॉलरवर ढकलता येणार नाही.