शेतात उतरणारे वैज्ञानिक फुगे आणि अंटार्क्टिकावरची न्यूट्रिनोंची शोधमोहीम

लातूर-नांदेडच्या शिवारात पॅराशूटला बांधलेली पेटी उतरली, की पोलिसांच्या आधी व्हॉट्सॲपवर उडती तबकडी पोहोचते! प्रत्यक्षात ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधील केंद्रातून सोडलेल्या फुग्याची उपकरणं असू शकतात. पातळ पॉलिथिनचे हे हायड्रोजनचे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात आणि वाऱ्यासोबत मराठवाड्यापर्यंत वाहत येतात. काम संपलं की उपकरणं फुग्यापासून सुटून पॅराशूटने खाली येतात.

अशाच महाकाय फुग्याला रेडिओ अँटेना टांगून अंटार्क्टिकावर अतिउच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो शोधले गेले. मोहिमेचं नाव ‘अनिता’. २००६ ते २०१६ या काळात तिची चार उड्डाणं झाली.

न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो आणि तो क्वचितच कशाला धडकतो. त्यात अतिउच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो फारच दुर्मीळ. त्यामुळे सापळाही अवाढव्य हवा. तो म्हणजे अंटार्क्टिकाचा बर्फ. न्यूट्रिनो बर्फातल्या अणुकेंद्रावर आदळला की कणांचा वर्षाव होतो आणि त्यातून रेडिओ लहरींचा अगदी क्षणिक झटका निघतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ गुर्गेन अस्कारियान यांनी १९६२ मध्ये हे भाकीत केलं होतं. अतिथंड बर्फातून या लहरी दूरवर जातात आणि सुमारे ३७ किलोमीटर उंचीवरच्या अँटेनांना एकाच वेळी लाखो चौरस किलोमीटर बर्फ ‘ऐकता’ येतो.

मग हा प्रयोग मराठवाड्यावरून का नाही? ओल धरणारी काळी माती रेडिओ लहरी शोषून घेते, त्यात मोबाइल टॉवरचा गोंगाट. शिवाय अंटार्क्टिकावर उन्हाळ्यात वारे ध्रुवाभोवती फिरतात, त्यामुळे फुगा कित्येक आठवडे बर्फावरच राहतो.

‘अनिता’ला न्यूट्रिनोचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही. मिळालं ते कोडं. दोन झटके जमिनीखालून, तेही बऱ्याच तिरक्या कोनात वर आल्यासारखे दिसले. एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो पृथ्वीत इतकं अंतर कापूच शकत नाही, वाटेतच अडकतो. त्यांचं सर्वमान्य स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

अशा मोहिमांची बरीचशी माहिती पेटीतल्या डिस्कवरच साठवलेली असते. म्हणून शेतात अशी पेटी दिसली तर ती उघडू नका, हलवू नका. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते. पेटीवर संस्थेचा पत्ता आणि फोन नंबर असतो. तिथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.