माडखोलकर, गजानन त्र्यंबक

(२८ डिसेंबर १९००–२७ नोव्हेंबर १९७६). मराठी पत्रकार, कादंबरीकार व समीक्षक; बेळगाव येथील १९४६ च्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष. जन्म मुंबईचा. संस्कृत साहित्याचा त्यांचा व्यासंग तरुणपणापासूनचा होता व त्याची खूण त्यांच्या संस्कृतप्रचुर, अलंकृत शैलीत अखेरपर्यंत टिकली. आधुनिक कविपंचक (१९२१) या पहिल्याच समीक्षाग्रंथाने त्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. पुण्यातील रविकिरण मंडळाचे ते एक सदस्य होते. तथापि कवी म्हणून त्यांनी फारसे लेखन केले नाही.

पुण्याच्या ज्ञानप्रकाशमध्ये उमेदवारी केल्यानंतर ते नागपूरला महाराष्ट्र या पत्रात गेले. पुढे १९४४ पासून १९६७ पर्यंत ते नागपूरच्या तरुण भारत या दैनिकाचे संपादक होते. मुक्तात्मा (१९३३) ही त्यांची पहिली कादंबरी मराठीतील राजकीय कादंबरीच्या आरंभीच्या कृतींत गणली जाते. त्यानंतरच्या भंगलेले देऊळ (१९३४), नागकन्या (१९४१) इ. कादंबऱ्यांत समकालीन चळवळी आणि स्त्री-पुरुषसंबंध यांची गुंफण आढळते. चालू घडामोडी ताज्या असतानाच त्यांना कथारूप देण्याची ही सवय मुळात वृत्तपत्रीय होय. तिने त्यांना वाचक मिळवून दिले, पण त्यांच्या बऱ्याचशा कादंबऱ्या त्या घडामोडींबरोबरच मागे पडल्या. समीक्षक माडखोलकर मात्र तितके जुने झालेले नाहीत.

त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत दूरगामी घटना ग्रंथाशी नव्हे, तर संमेलनाशी निगडित आहे. न. चिं. केळकर (बडोदे, १९२१), शि. म. परांजपे (बेळगाव, १९२९) आणि प्र. के. अत्रे (नासिक, १९४२) हे पत्रकार साहित्यिक त्यांच्यापूर्वी संमेलनाध्यक्ष झालेले होते. मराठी भाषिकांच्या एका प्रांताची मागणीही नवी नव्हती. १९३९ च्या अहमदनगर संमेलनात, दत्तो वामन पोतदार अध्यक्ष असताना, तसा ठराव झालेला होता. पण ठराव संमत करावा आणि मंडप उतरताच तो विसरावा, ही संमेलनांची जुनी रीत. मे १९४६ मध्ये बेळगावला ती मोडली. माडखोलकरांनी हा प्रश्न अध्यक्षपदावरूनच मांडला, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला आणि त्याच्या पाठपुराव्यासाठी समितीही नेमण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत सर्वपक्षीय परिषद भरून शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. साहित्यिकांचा विषय तेथून राजकीय पक्षांच्या हाती गेला.

संमेलनाध्यक्षाला कार्यकारी अधिकार जवळजवळ नसतात. माडखोलकरांच्या हाती होते ते भाषण आणि आपले वृत्तपत्र. शिवाय ज्या नागपुरात ते लिहीत होते तेथे वेगळ्या विदर्भाच्या मागणीला वजनदार पुढाऱ्यांचा पाठिंबा होता. त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राचा पुरस्कार त्यांना अनुकूल वातावरणात करावयाचा नव्हता, ही गोष्ट पुणे-मुंबईच्या लेखकांकडून पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलींची झळ त्यांच्या नागपुरातील घरालाही पोहोचली. त्या अनुभवावरील एका निर्वासिताची कहाणी (१९४९) हे पुस्तक त्यांच्या एरवीच्या नटव्या गद्याहून वेगळे वाटते.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. विदर्भ त्यात आला. ठराव जेथे झाला ते बेळगाव मात्र १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले होते. महाजन आयोगाने १९६७ मध्ये तीच व्यवस्था उचलून धरली. हा निर्णय महाराष्ट्राने मान्य केला नाही व २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. साहित्यसंमेलन २००० मध्ये बेळगावला पुन्हा भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी आधुनिक महाराष्ट्राचे इतिहासकार य. दि. फडके होते.