लष्करी रायफलीचे शिकारी रूपांतर : बोअर आणि कायदा

युद्ध संपले की शस्त्रागारांत उरलेल्या रायफलींचे काय करावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकातील बहुतेक राज्यांपुढे उभा राहिला. काही वितळविल्या गेल्या, काही दुसऱ्या राज्यांना विकल्या गेल्या. आणि पुष्कळशा कारागिरांच्या हातून नवे रूप घेऊन अरण्यात गेल्या. या तिसऱ्या वाटेचा विचार बहुधा हौशी शिकाऱ्यांनी आणि बंदूककारांनीच केला असल्यामुळे तिचे वर्णन कारागिरीच्या अंगाने झाले आहे. वस्तुतः या रूपांतराला वळण लावण्यात कानशीइतकाच कायद्याचाही वाटा होता.

रूपांतराची रीत साधी होती. संगीन अडकविण्याचे साधन व नळीवरील लाकडी आवरण काढून टाकावयाचे, नळी आखूड करावयाची, दस्ता हलका करावयाचा. माउझरच्या १८९८ च्या नमुन्यात बोल्टची मूठ आडवी बाहेर आलेली असे. दुर्बीण बसवावयाची तर ती खाली वाकविणे भाग पडे. मात्र लष्करी काडतुसे शिकारीला निरुपयोगी ठरत. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात फुलणाऱ्या गोळीस मनाई केली होती. शिकाऱ्याला मात्र जनावर तत्काळ पडावे म्हणून तशीच गोळी हवी असे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागाराचे नाव ज्या गोळीला चिकटले, तिचाच वंश युद्धभूमीवर निषिद्ध आणि रानात मान्य ठरला.

कायद्याचा प्रभाव जर्मनीत सर्वांत स्पष्ट दिसतो. १९१९ च्या व्हर्साय तहानंतर लष्करी ८×५७ काडतुसाच्या नागरी वापरावर बंधने आली. कारागिरांनी शोधलेला मार्ग मोठा मार्मिक होता. काडतुसाची कोठी अवघी ३ मिलिमीटर खोल केली की तीच नळी ८×६० या 'नव्या' काडतुसाची होई. कायद्याचे शब्द पाळले जात. रायफल तीच राही. केवळ तांत्रिक सुधारणेच्या दृष्टीने पाहणाऱ्यास या ३ मिलिमीटरांचा अर्थ लागणार नाही.

भारतातील परिस्थिती याहून वेगळी, पण तर्क तोच. लष्कराची काडतुसे प्रजेच्या हाती पडू नयेत, ही ब्रिटिश सत्तेची दृढ भूमिका होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा हॉलंड अँड हॉलंडने १९०७ मध्ये .४६५ बोअर पुढे आणले; .४७० हे बोअरही त्याच बंदीचे अपत्य होय. .३०३ लष्करी असल्याने खासगी परवान्याला वर्ज्य. म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एन्फील्डच्याच यंत्रणेवर.३१५ बोअरची शिकारी रायफल तयार केली. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखरचे. काटेकोर अर्थाने हे जुन्या शस्त्राचे रूपांतर नव्हे, परंतु लष्करी रचनेला परक्या बोअरची वस्त्रे चढविण्याची कल्पना जर्मन उदाहरणाशी जुळते. स्वातंत्र्यानंतरही सरकारी आयुध कारखान्यांनी .३१५ चालू ठेवले आणि त्याची काडतुसे खडकीच्या कारखान्यात तयार झाली. साम्राज्य गेले, त्याच्या भीतीने जन्मास घातलेले बोअर राहिले.

अमेरिकेत असा बोअरचा अडसर नव्हता. तेथे १९०५ च्या कायद्याने शिल्लक लष्करी रायफली नेमबाजी संस्थांना विकण्याची मुभा दिली. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिकेतील शिकारीत वापरलेली स्प्रिंगफील्ड ही तर सरकारी शस्त्रागारानेच शिकारी रूपात घडविली होती. पुढे १९२१ मध्ये रेमिंग्टनने १९१७ च्या नमुन्याचे उरलेले भाग वापरून मॉडेल ३० बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील माल स्वस्तात येऊ लागला. याचा शेवट शोकान्त आहे. १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येत वापरलेली इटालियन कार्काेनो शिकागोतील दुकानातून, दुर्बिणीसह, टपालाने सुमारे २० डॉलरांत मागविलेली होती. १९६८ च्या कायद्याने लष्करी शस्त्रांची ही आयात बंद केली.

इंग्लंडात पार्कर-हेल कंपनीने ली-एन्फील्डच्या चौथ्या नमुन्याची अशीच रूपांतरे विकली. तेथे, आणि अन्यत्रही, इतिहाससंशोधकाचे नुकसान मात्र निश्चित झाले. जुन्या ली-एन्फील्डच्या दस्त्यावर पितळी चकती असे आणि तिच्यावर पलटणीची खूण कोरलेली असे. नवा दस्ता बसविणाऱ्याने ती चकती जुन्या लाकडासह टाकून दिली. यंत्रणेजवळच्या पोलादी पट्टीवर राजमुद्रा, कारखाना व वर्ष टिकून राहतात. म्हणजे रायफल कोठे जन्मली ते कळते, ती कोणाच्या खांद्यावर फिरली ते कळत नाही. संग्रहालयांनी अशी रूपांतरित शस्त्रे 'बिघडलेली' म्हणून दूर सारू नयेत. नळीची कापलेली लांबी, बदललेली कोठी आणि नागरी परीक्षणाचे ठसे यांवरून ती कोणत्या देशात, कोणत्या कायद्याखाली दुसऱ्यांदा घडली हे पुष्कळदा ठरविता येते. सैनिकी दप्तरांत या दुसऱ्या जन्माची नोंद नसते.