गावखर्च, जकात आणि घरपट्टी : कोपरगावच्या निमित्ताने

कोपरगाव हे नाव मराठ्यांच्या इतिहासात प्रथम ठळकपणे येते ते एका नेमणुकीच्या संदर्भात. १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे झालेल्या तहाने रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपये, म्हणजे सालीना तीन लक्ष रुपये, देण्याचे ठरले. पुढील वर्षी गोदातीरी कोपरगावास तो येऊन राहिला व त्याच वर्षाअखेर मृत्यू पावला. त्याच्या वास्तव्याच्या खुणा आजही तेथे दाखविल्या जातात. या रकमेतील किती रुपये गावाच्या वेशीच्या, घाटाच्या वा पाण्याच्या कामी लागले हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नसता, कारण ती नेमणूक गावाची नव्हती, गावात राहणाऱ्याची होती. गावाचा स्वतःचा खर्च निराळ्या मार्गाने चाले. तो मार्ग कोणता होता, तो केव्हा बंद पडला, आणि त्याच्या जागी जी नगरपालिका आली तिने आपले वार्षिक अंदाजपत्रक कोणत्या पायावर उभे केले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पेशवाईतील मुलकी हिशेबांत वार्षिक अंदाजाची पद्धत पुष्कळ प्रगत होती. कमाविसदाराच्या हाती वर्षारंभी बेहेडा किंवा अजमास दिला जाई. त्यात परगण्याची अपेक्षित जमा, तीतून वजा होणारी शिबंदी, देवस्थाने, धर्मादाय इत्यादी खर्च आणि हुजुरात भरावयाची शिल्लक नमूद केलेली असे. वर्षाअखेर ताळेबंद होई. हे वर्ष मृगापासून चाले, म्हणजे पाऊस तोंडावर असताना नवे साल लागे. एप्रिलच्या पहिल्या तारखेची आजची प्रथा हिंदुस्थान सरकारने १८६७ मध्ये घातली. पण बेहेडा हे सरकारचे अंदाजपत्रक होते. त्यात गाव हा जमेचा एक रकाना असे, खर्चाचा कर्ता नसे.

गाव खर्चाचा कर्ता होता तो ‘गावखर्च’ किंवा ‘सादिलवार’ या सदराखाली. देवाचा उत्सव, गोसावी-फकिरांचा शिधा, गावकुसाची डागडुजी, चावडीचे तेल व कागद, कसब्याला जाणाऱ्या पाटलाचा प्रवास, असा हा खर्च असे. वर्षात जेवढा झाला तेवढा पाटील-कुळकर्णी रयतेवर फाळून घेत. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात या खर्चाचे वर्णन आहे, आणि त्यातील लबाडीचेही आहे. खर्च फुगविला जाई, मामलेदाराच्या ‘अंतस्था’चा भारही त्यात मिसळे, ज्याचा गावात वट त्याच्या वाट्याला फाळा कमी येई. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तिचा एक विशेष नोंदविला पाहिजे : तीत आधी खर्च येई व मग कर. खर्च बदलला की फाळा बदले, आणि फाळा बदलला की तो का बदलला हे चावडीवर विचारता येई. उत्तर खरे मिळे की नाही, हा भाग वेगळा.

‘पट्टी’ हा शब्दही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. कर्जपट्टी, जास्तीपट्टी इत्यादी नावांवरून दिसते की मूळ आकाराखेरीज एखाद्या विशिष्ट कारणासाठी बसविलेली वाढ म्हणजे पट्टी. आज घरपट्टी व पाणीपट्टी हे अगदी कायमचे कर झाले आहेत. नावात मात्र नैमित्तिकपणा शिल्लक राहिला आहे.

कंपनी सरकारने गावखर्चाला प्रथम मर्यादा घातली व हळूहळू तो सरकारी हिशेबात ओढून घेतला. दुसरीकडे, मुंबई इलाख्यातील शहरजकाती, मोहतर्फा आणि धंद्यांवरील कर १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने रद्द झाले. व्यापारावरील जुनी बेडी तुटली म्हणून त्या कायद्याचे स्वागत झाले. नंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, रहिवाशांनी मागणी केल्यास शहरसुधारणेसाठी घरांवर आकारणी करून, शहरजकात बसवून किंवा अन्य रीतीने पैसा उभारण्याची परवानगी देण्यात आली. याच कायद्याखाली अहमदनगरास १८५४ मध्ये नगरपालिका आली. संगमनेरची नगरपालिकाही जिल्ह्यातील जुन्यांपैकीच होय. सरकारने समोरच्या दाराने बाहेर काढलेली जकात नगरपालिकेने मागच्या दाराने आत घेतली असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

घरपट्टी आणि जकात या दोन पर्यायांत नगरपालिकांनी जकात का निवडली, याचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. घरपट्टीची आकारणी शेजाऱ्याने शेजाऱ्यावर करावयाची असते. कमिटीत बसलेले सभासद स्वतःच घरांचे मालक होते. जकात नाक्यावर वसूल होते. ती गाडीवानाच्या हातून जाते, व्यापाऱ्याच्या वहीत चढते आणि शेवटी तेल, तूप, गूळ, सरपण, इमारती लाकूड, तंबाखू, कापड यांच्या किमतीत मिसळून जाते. घरपट्टीची मागणी दारावर येते व तिच्यावर घरमालकाचे नाव असते. जकातीवर कोणाचेच नाव नसते. तिचा भार मात्र गरिबाच्या शिध्यावर तुलनेने अधिक पडतो, ही गोष्ट त्या काळातही अज्ञात नव्हती. जकात ही वाटजकात होऊ नये म्हणून सरकारने शहराबाहेर पुन्हा जाणाऱ्या मालावर परताव्याची अट घातली. परतावा मिळविण्याच्या खटपटी हा पुढे व्यापाऱ्यांच्या तक्रारींचा नित्याचा विषय झाला.

याचा परिणाम सभागृहांतील चर्चेवर झाला. जमा नाक्यावर आपोआप जमत असल्यामुळे सभासदांचे वाद करांच्या दरावर क्वचित व खर्चावर वारंवार होत. पुण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. गव्हर्नर जनरलच्या पुणे भेटीनिमित्त एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव १८८० च्या सुमारास आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी त्यास विरोध केला व तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे सुचविले. मंडईची खर्चिक इमारत बांधण्यासही त्यांचा विरोध होता. ती इमारत झालीच; १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, आणि पुढे तिला फुल्यांचेच नाव देण्यात आले. इतिहासाची ही थट्टा मार्मिक आहे, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की फुल्यांचा आक्षेप पैसा कोठे जातो यावर होता. तो कोणाकडून येतो यावर तितकीच झडझडीत चर्चा नगरपालिकांत व्हावयास हवी होती, तिला त्यांच्या रचनेत जागाच कमी होती.

ही रचना कायद्यानेही पक्की केली. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यात महापालिकेने पुढील वर्षासाठी करांचे दर दरवर्षी, वर्ष सुरू होण्यापूर्वी, ठरवावयाचे आहेत. मोफसलातील नगरपालिकांसाठी आलेल्या १८७३ व १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यांचा मार्ग वेगळा होता. १९०१ च्या कायद्यात करांची यादी लांबलचक आहे : घरपट्टी, चाकपट्टी, जकात, कुत्र्यांवरील कर, आरोग्यपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्तीचा कर, यात्राकर. कोणताही कर बसवावयाचा तर आधी ठराव, नंतर नियमांचा मसुदा व जाहीर नोटीस, नागरिकांच्या हरकती, आणि शेवटी सरकारची मंजुरी. एकदा बसविलेला कर पुढे चालू राही. त्यासाठी दरवर्षी पुन्हा मत द्यावे लागत नसे. घरांच्या आकारणीची यादीही दरवर्षी नव्याने करण्याची सक्ती नव्हती. चार वर्षांतून एकदा तिची पूर्ण फेरतपासणी झाली म्हणजे पुरे.

इंग्लंडात याच्या उलट चालते. तेथील नगरसंस्था प्रथम खर्चाचा अंदाज करते, त्यातून अनुदाने व इतर उत्पन्न वजा करते, आणि उरलेली रक्कम घरांवर वाटून त्या वर्षाचा दर ठरविते. १९९३ पासून अमलात असलेला ‘कौन्सिल टॅक्स’ही याच रीतीने दरवर्षी मार्च महिन्याच्या सुमारास निश्चित होतो. आपला जुना फाळा, त्याच्या सर्व दोषांसह, या पद्धतीचाच दूरचा नातेवाईक होता. ज्या राज्यकर्त्यांच्या घरी ही पद्धत रुजलेली होती, त्यांनी आपल्या गावांतून तिचे देशी रूप काढून घेतले व तिच्या जागी कायमच्या दरांची नगरपालिका दिली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गावखर्चातील लबाडी हे त्याचे एक कारण होते. पण लबाडीवर उपाय म्हणून हिशेब उघडा करता आला असता. केला गेला तो अधिकारच काढून घेण्याचा उपाय.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने जुने कायदे एकत्र केले. कोपरगाव आज याच अधिनियमाखाली ‘ब’ वर्गाची नगरपरिषद आहे. २०११ च्या जनगणनेत तेथील वस्ती ६५ हजारांच्या आसपास होती. मुख्याधिकाऱ्याने अंदाजपत्रक तयार करावयाचे, ते स्थायी समितीपुढे व नंतर सर्वसाधारण सभेपुढे जावयाचे, हा क्रम या अधिनियमाने ठरवून दिला. परंतु करासंबंधीची जुनी चौकट तशीच राहिली : ठराव, हरकती, मंजुरी, आणि चार वर्षांची फेरआकारणी. मालमत्ताकर वार्षिक भाड्याच्या मूल्यावर बसतो, त्यातून दुरुस्तीसाठी एक दशांश वजा होतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या घरांचे भाडे गोठले, आणि करासाठी धरावयाचे भाडे प्रमाणित भाड्यापलीकडे जाऊ शकत नाही असा न्यायालयांचा निर्णय झाल्यावर करही त्याबरोबर गोठला. चार-चार वर्षे हललेला नसलेला आकडा फेरतपासणीच्या वेळी एकदम उडी घेतो. मग हरकतींचा पाऊस पडतो, मोर्चे निघतात, आकारणी स्थगित होते. दरवर्षी थोडा थोडा व्हावयाचा वाद असा तुंबून एकदम फुटतो.

कोपरगावच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गोदावरी कालव्यांमुळे या तालुक्यात ऊस आला आणि सहकारी साखर कारखानदारीच्या पहिल्या दोन दशकांत कोळपेवाडी व सहजानंदनगर येथे दोन मोठे कारखाने उभे राहिले. दोन्ही नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहेत. तालुक्यातील सर्वांत मोठी मालमत्ता व सर्वांत मोठे उत्पादन यांच्यावर शहराचा कर चालत नाही. त्या उद्योगांमुळे वाढलेली वर्दळ, बाजार व वस्ती मात्र शहराच्या रस्त्यांवर व नळांवर येते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हाचे कोपरगाव स्थानकही गावापासून अंतरावरच आहे. नदी गावाला लागून वाहते, संपत्ती गावाला वळसा घालून जाते.

जकातीने ही उणीव काही प्रमाणात भरून निघे, कारण बाहेर निर्माण झालेली संपत्ती माल होऊन आत येताना नाक्यावर सापडे. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली. व्यापारी वर्गाची ती जुनी मागणी होती व ती न्याय्यही होती. जकातीच्या जागी राज्य शासनाचे सहायक अनुदान आले. या बदलाचे महत्त्व केवळ रकमेत मोजणे पुरेसे नाही. जकात कितीही सदोष असली तरी ती शहराच्या स्वतःच्या हातची होती. बाजार वाढला तर ती वाढे, आणि तिचा नाका कोठे असावा हे सभागृह ठरवी. अनुदान मुंबईत ठरते. कोपरगावच्या अंदाजपत्रकातील जमेची बाजू वाचताना म्हणून आधी शासननिर्णय वाचावे लागतात.

पाण्याच्या प्रश्नावरून हे अधिक स्पष्ट होते. कोपरगाव गोदावरीच्या काठी वसलेले असूनही तेथील नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय नागरिकांना दीर्घकाळ करून घ्यावी लागली. शहराचे पाणी कालव्याच्या आवर्तनातून साठवण तलावांत घेतले जाते. आवर्तन लांबले की तलाव तळ गाठतात. पाचव्या साठवण तलावाची योजना सुमारे १३१ कोटी रुपयांची झाली. ‘ब’ वर्गाच्या नगरपरिषदेला एवढी रक्कम घरपट्टीतून उभी करणे शक्य नव्हते, म्हणून राज्याच्या नगरोत्थान योजनेची वाट धरावी लागली. अशा प्रकारे जो खर्च नागरिकाच्या जीवनाला सर्वांत जवळचा, तोच त्याच्या सभागृहाच्या वार्षिक निर्णयापासून सर्वांत दूर गेला. पाणीपट्टी वाढविण्याचा प्रस्ताव आला की नागरिक म्हणतो, आधी पाणी द्या. नगरपरिषद म्हणते, आधी पट्टी द्या. दोघांचेही म्हणणे खरे असते. फाळ्याच्या पद्धतीत हे दोन प्रश्न एकाच बैठकीत सुटले असते वा निदान भांडले गेले असते.

अलीकडे मंजुरीची दिशाही पालटली आहे. पूर्वी नगरपालिकेने कर फार वाढवू नये म्हणून सरकार मंजुरीचा लगाम धरी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या मुदतीच्या अनुदानासाठी अट घातली ती मालमत्ताकराचे किमान दर जाहीर करण्याची व वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढविण्याची. लगामाची जागा चाबकाने घेतली आहे. आणि नेमक्या याच काळात राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत संपून निवडणुका लांबल्या. काही वर्षे अंदाजपत्रके प्रशासकांच्या सहीने मंजूर झाली. १८५० च्या कायद्याखालील कमिटीत मॅजिस्ट्रेट बसे, त्याची आठवण यावी अशीच ही स्थिती होती. फरक एवढाच की त्या कमिटीत गावातील नेमलेले गृहस्थ तरी असत.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. साठवण तलावाचे भांडवल शासनाने दिले, परंतु पंपांची वीज, जलशुद्धीकरण, वाहिन्यांची दुरुस्ती आणि तलावातील गाळ हा खर्च दरवर्षीचा आहे, व तो पाणीपट्टीतून भागवावयाचा आहे. त्या पट्टीचा दर किती असावा, हा प्रश्न मुंबईकडे पाठविता येत नाही.